सहाशे चार

माणसाला वडिलांकडून काय काय मिळते याची यादी केली, तर ती मोठी गमतीची होईल. कुणाला शेत मिळते, कुणाला वाडा मिळतो, कुणाला वाड्याबरोबर त्याचा कोर्टातला दावाही मिळतो. माझ्या एका स्नेह्याला वडिलांकडून फक्त घोरणे मिळाले, असे त्याची बायको सांगते. माझे वडील कऱ्हाडला एस.टी.च्या आगारात कारकून होते. त्यांनी माझ्यासाठी एक भाड्याचे घर, एक लांब दांड्याची छत्री आणि महाराष्ट्राचा रणजी संघ एवढी इस्टेट मागे ठेवली. घर आम्ही पुढे सोडले. छत्री एका पावसाळ्यात गाडीतच राहिली. संघ मात्र अजून माझ्याजवळ आहे. तो कुणी चोरून नेत नाही, आणि विसरू म्हटले तरी कुठे विसरून राहत नाही.

तुम्ही म्हणाल, यात तक्रार करण्यासारखे काय आहे? महाराष्ट्र म्हणजे तर क्रिकेटचे माहेरघर! नेमका इथेच घोटाळा आहे. रणजी करंडकाच्या स्पर्धेत महाराष्ट्र म्हणजे सारा महाराष्ट्र नव्हे. मुंबईचा संघ निराळा, विदर्भाचा निराळा. हे दोन वाटे काढल्यावर पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, नाशिक असा जो मुलूख उरतो, त्याचा संघ तो महाराष्ट्र. नाव सगळ्या घराचे आणि वाटणीला आलेले फक्त माजघर! नवख्या माणसाला मी महाराष्ट्राच्या बाजूचा आहे असे सांगितले, की तो हसून म्हणतो, "वा! मग तुमची तर नेहमी दिवाळीच." मग मला सारा भूगोल पहिल्यापासून सांगावा लागतो. भूगोल सांगून झाला, की इतिहास सांगायचा धीर राहत नाही.

पण आज दिवाळी अंकाच्या निमित्ताने तो सांगून टाकतो. मुंबईने २०२४ साली हा करंडक बेचाळिसाव्या वेळी जिंकला. आम्ही तो दोनदा जिंकला, १९३९-४० साली आणि १९४०-४१ साली. दोन्ही वेळा कप्तान होते प्रा. दि. ब. देवधर. पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवणारा हा माणूस वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मुंबईविरुद्ध २४६ धावा काढून गेला. ज्या वयात आपण जिना चढताना कठड्याला हात लावतो, त्या वयात! त्यानंतर आम्ही अंतिम सामन्यापर्यंत पोचलो, ते १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ साली. तिन्ही वेळा हरलो. देवधरांना शंभर वर्षांहून अधिक आयुष्य लाभले. १९९३ च्या ऑगस्टमध्ये ते गेले, तेव्हा आपल्या हातून करंडक गेल्याला त्यांनी बावन्न वर्षे मोजली होती. एवढे दीर्घायुष्यही पुरले नाही!

अण्णांना (वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू) ही भक्ती त्यांच्या चुलत्यांकडून आलेली. हे चुलते १९४९ च्या मार्चमध्ये पुण्याला एका नातेवाइकाकडे लग्नाच्या बोलणीसाठी गेले होते. बोलणी एका दिवसाची होती. चुलते सात दिवस राहिले. कारण पुण्यात मुंबई आणि महाराष्ट्र यांचा उपांत्य सामना लागला होता आणि तो सात दिवस चालला. मुंबईने पहिल्या डावात ६५१ धावा केल्या. महाराष्ट्राने ४०७ केल्या. मुंबईने दुसऱ्या डावात ८ बाद ७१४ वर डाव सोडला. आता महाराष्ट्राला जिंकायला ९५९ धावा हव्या होत्या. चौथ्या डावात नऊशे एकोणसाठ! दुसऱ्या कुठल्या संघाने बिछाने बांधायला घेतले असते. आमच्या संघाने फळ्या बांधल्या, पायपट्ट्या चढवल्या आणि ६०४ धावा काढल्या. म. रा. रेग्यांनी पहिल्या डावात शतक काढले होते, त्यांनी दुसऱ्याही डावात काढले. एकंदर २३७६ धावांचा तो सामना झाला. आम्ही तो ३५४ धावांनी हरलो.

चुलते परत आले ते लग्न मोडून आणि हा सामना घेऊन. अण्णा तेव्हा चार वर्षांचे होते. रामाच्या गोष्टीआधी त्यांनी ही गोष्ट ऐकली, आणि मीही माझ्या लहानपणी ती त्यांच्याकडून त्याच क्रमाने ऐकली.

त्याच मोसमातली आणखी एक गोष्ट अण्णा सांगत. तिच्यात आम्ही जिंकतो, आणि तरीही ती जिंकल्याची गोष्ट वाटत नाही. १९४८ च्या डिसेंबरात पुण्यातच काठेवाडच्या संघाविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकर खेळत होते. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या होत्या आणि निंबाळकर ४४३ वर नाबाद होते. ब्रॅडमनचा ४५२ धावांचा जागतिक विक्रम तेव्हा उभा होता. आणखी दहा धावा हव्या होत्या. खेळ थांबण्याची वेळ झाली आणि काठेवाडच्या कप्तानाने, राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी, सामनाच सोडून दिला. आम्ही जिंकलो, आणि निंबाळकर ४४३ वर राहिले. त्यांना एकही कसोटी सामना खेळायला मिळाला नाही. २०१२ साली ते कोल्हापुरात वारले. "आपण जिंकलो तरी कसे जिंकतो बघ," अण्णा म्हणत. "नऊ धावांची रुखरुख घेऊन."

तर अशा घरात मी वाढलो. आमच्या घरात 'सहाशे चार' हा वाक्प्रचारच होऊन गेला. आईने गच्चीवर पापड वाळत घातले, अवचित पाऊस आला आणि तिने धावत जाऊन निम्मे वाचवले, तर अण्णा म्हणत, "सहाशे चार झाले!" आगारात बढतीच्या यादीत त्यांचे नाव एका जागेने खाली राहिले, तेव्हा घरी येऊन टोपी खुंटीला लावता लावता ते तेच म्हणाले. हरल्यावर फुंकर घालायला आमच्या घरात हा शब्द होता. शेजारच्या घरात नशीब होते, समोरच्या घरात देव होता. आमच्याकडे ६०४ होते.

अण्णा सामन्यांचे धावफलक वर्तमानपत्रातून कापून आगारातल्या जुन्या नोंदवह्यांत चिकटवत. खळ करण्याचे काम माझ्याकडे असे. पितळी वाटीत कणीक कालवून ती चुलीवर मी घोटायचा आणि अण्णा कात्री चालवायचे. १९७०-७१ चा अंतिम सामना त्यांनी असा जपून ठेवला होता. त्या साली मुंबईचे वाडेकर, सरदेसाई, सोलकर आणि नवा गावसकर हे सारे वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर गेले होते. मुंबईचा निम्मा संघ समुद्रापलीकडे! आता नाही जिंकायचे तर कधी? आणि सुधीर नाईकांनी उरलेल्या मुंबईला घेऊन आम्हांला ४८ धावांनी हरवले. त्या पानावर अण्णांनी शाईने फक्त एक शब्द लिहिला होता : "तरीही."

आता एक कबुली द्यायची आहे. मी एकदा बाजू बदलली होती.

मी तेव्हा आठवीत होतो. १९९२-९३ चा मोसम. महाराष्ट्र अंतिम सामन्याला पोचला होता. सामना लुधियान्यात, समोर पंजाब. मुंबई वाटेत नाही! मी वर्गात सगळ्यांना सांगून ठेवले होते. आम्ही हरलो, आणि दुसऱ्या दिवशी वर्गातल्या फळ्यावर कुणीतरी खडूने एक रडणारा वाघ काढून त्याच्या खाली माझे नाव लिहिले. चित्र वाईट होते, आणि तेही मला लागले. त्या मे महिन्यात दादरहून माझा मामेभाऊ सुटीला आला. त्याच्या बोलण्यात तेंडुलकर असा यायचा, जणू तो त्यांच्या चाळीत दूध टाकायला येतो. त्या सुटीत मी मुंबईचा झालो. कुणाला सांगितले नाही; फक्त खळ करायचे सोडले.

मुंबईने पुढच्या मोसमात करंडक जिंकला. त्याच्या पुढच्याही जिंकला. जिंकणाऱ्यांच्या बाजूला असणे म्हणजे काय, ते मला लागोपाठ दोन वर्षे अनुभवायला मिळाले. आणि खरे सांगतो, परक्याच्या लग्नात पंक्तीला बसून जेवल्यासारखे वाटले. जिलबी गोड होती. पण वाढणाऱ्याने "तुम्ही कुणाकडचे?" असे विचारले तर काय सांगायचे, ही धाकधूक घास घशाखाली उतरेपर्यंत राहिली.

अण्णा मला काही बोलले नाहीत. त्या दोन वर्षांतली त्यांच्या वहीची पाने मी पुढे पाहिली. कात्रणे तिरकी लागली आहेत, आणि खळ पातळ झाल्यामुळे शाई फुटली आहे. मला वाटते, जगात माझ्यावर कुणी एवढे मूक रागावले नसेल.

मॅट्रिक झालो—आता त्याला दहावी म्हणतात—आणि चित्रकला-शिक्षकाचा अभ्यासक्रम करायला पुण्याला गेलो. पुढचे शिक्षण मी घेतले नाही; घेण्याजोगे गुणही नव्हते. १९९६ च्या फेब्रुवारीत अण्णांचे कार्ड आले : "२९ तारखेला नेहरू स्टेडियमवर विश्वचषकाचा सामना आहे. वेस्ट इंडीज. पहिल्या गाडीने येतो. स्वारगेटला थांब." स्वारगेटचे स्टँड आणि नेहरू स्टेडियम यांच्यामध्ये हाकेचे अंतर आहे. एस.टी.त जन्म काढलेल्या माणसासाठी देवाने मैदान नेमके स्टँडाशेजारी ठेवले, असे अण्णा म्हणत. ते डबा घेऊन उतरले. आम्ही लाराला बघायला गेलो होतो.

समोर केनियाचा संघ होता. पोटापाण्यासाठी दुसरे काही करून, उरल्या वेळात खेळणारी त्यांतली बरीच माणसे. त्यांनी १६६ धावा केल्या. आजूबाजूचे लोक हिशेब करू लागले, की सामना लवकर संपला तर दुपारची कुठली गाडी मिळेल. मग लारा ८ धावांवर यष्टीमागे झेल देऊन परतला. मग एकामागून एक सारे. वेस्ट इंडीजचा डाव ९३ धावांत आटोपला. केनियाची पोरे मैदानाला फेरी मारत होती आणि पुणेकर उभे राहून टाळ्या वाजवत होते.

अण्णा मात्र खालीच बसून राहिले होते. मला वाटले, ऊन लागले. वाकून पाहिले तर त्यांचे डोळे भरले होते. "आपल्याच मैदानावर झालं रे," ते म्हणाले. "फक्त आपण नव्हतो." त्या संध्याकाळी गाडी सुटण्याआधी मी त्यांना खिडकीशी विचारले, "अण्णा, दिवाळीत आलो की खळ करू का?" ते म्हणाले, "कणीक जरा जाड ठेव."

पुढे मी कऱ्हाडजवळच्या एका गावी चित्रकलेचा मास्तर झालो आणि कादंबऱ्या लिहू लागलो. पहिली कादंबरी तीन प्रकाशकांकडून परत आली. तिसऱ्याने दोन ओळी लिहिल्या होत्या : लेखन बरे आहे, शेवट जमलेला नाही. मी ते पत्र अण्णांना दाखवले आणि त्यांच्याआधी मीच म्हणालो, "सहाशे चार." अण्णांनी माझ्याकडे जरा निराळ्याच नजरेने पाहिले होते, असे आता आठवते. तेव्हा मला त्या शब्दाने फार बरे वाटले. कादंबरी ट्रंकेत गेली. नंतरच्या छापल्या गेल्या, थोड्याफार खपल्याही. ती ट्रंकेतच राहिली.

२०१४ च्या जानेवारीत आम्ही मुंबईला हरवले. तेही वानखेडेवर, आणि तेही गतविजेत्या मुंबईला! दुसऱ्या डावात त्यांना १२९ धावांत गुंडाळले आणि मग केदार जाधव आणि विजय झोल यांनी नाबाद राहून आठ गडी राखून सामना जिंकला. अण्णा तेव्हा थकले होते. मी मोबाइलवर आकडे वाचून दाखवत होतो. शेवटची धाव झाल्यावर ते म्हणाले, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचले. "आता थोडा वेळ बोलू नकोस," ते म्हणाले. पंधरा-वीस दिवसांनी हैदराबादला अंतिम सामना झाला आणि कर्नाटकाने आम्हांला सात गडी राखून हरवले. त्या मोसमात केदार जाधवने १२२३ धावा काढल्या होत्या. करंडक कर्नाटकात गेला.

अण्णा २०१६ च्या पावसाळ्यात गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात स्वप्नील गुगळे आणि अंकित बावणे यांनी वानखेडेवर दिल्लीविरुद्ध ५९४ धावांची अभंग भागीदारी केली. गुगळे नाबाद ३५१, बावणे नाबाद २५८. आता यापुढे काय हरणार? आम्ही हरलो नाही. पण जिंकलोही नाही. दिल्लीच्या ऋषभ पंतने ३०८ धावा ठोकल्या आणि सामना अनिर्णित राहिला. ते कात्रण मी एकट्याने चिकटवले. पुढच्याच मोसमात विदर्भाने करंडक जिंकला. ज्याला आम्ही आमच्याच पंक्तीतला समजत होतो, तो विदर्भ! त्याने लगेच दुसऱ्या वर्षी तो राखला आणि २०२५ मध्ये तिसऱ्यांदा घेतला. गरिबीतला सोबती अचानक माडी बांधतो, तेव्हा आपण त्याचे अभिनंदन करून घरी येतो आणि उगाच भांडी आपटतो, तसे माझे झाले. २०२२ साली विजय हजारे करंडकात ऋतुराज गायकवाडने एका षटकात सात षटकार मारले. एक नो-बॉल होता, म्हणून सात. अंतिम सामन्यातही त्याने शतक काढले. सौराष्ट्राने तो सामना पाच गडी राखून जिंकला.

इथपर्यंतची कहाणी मी अनेकांना सांगितली आहे. ती सांगताना मला एक प्रकारचा मोठेपणा वाटत असे, हेही आता लपवत नाही. जिंकणाऱ्यांच्या मागे काय, कुणीही जातो. हरणाऱ्यांवर प्रेम करायला मन मोठे लागते, असा माझा समज होता. तो गेल्या वर्षी एका आठवीतल्या मुलीने मोडला.

आमच्या शाळेत खेळाचा शिक्षक नाही. जागा रिकामी आहे, आणि चित्रकलेच्या मास्तरला वेळ असतो असे सर्वांनी गृहीत धरलेले आहे. म्हणून मुलींचा खो-खोचा संघ माझ्याकडे आला. तालुक्याच्या स्पर्धेत आम्ही सलग चौथ्या वर्षी पहिल्याच सामन्यात हरलो, तेही डावाने. परत येताना वडापच्या जीपमध्ये मुली एकमेकींच्या अंगावर रेलून गप्प बसल्या होत्या. मी त्यांना ६०४ ची गोष्ट सांगितली. रंगवून सांगितली, ती मला पाठच आहे. मुली ऐकत होत्या. गोष्ट संपवून मी म्हटले, "तेव्हा हरलात म्हणून काय झालं? मला तुमचा अभिमान आहे."

आमच्या संघात एक काटकुळी मुलगी आहे. खांबाला अशी वळते, की पाठलाग करणारी पुढे निघून जाते आणि ही मागे उभी. ती टपाजवळच्या दांडीला धरून उभी होती. तिने विचारले, "सर, तुम्हाला हरणारेच आवडतात का?"

मी म्हटले, "तसं नाही ग..."

"मग आम्ही जिंकलो तर तुम्ही दुसऱ्या शाळेकडून होणार?"

बाकीच्या मुली हसल्या. ती हसली नाही. तिचा गुडघा फुटलेला होता आणि त्यावर तिने रुमाल बांधला होता. मला उत्तर सुचले नाही. उतरायचे ठिकाण येईपर्यंत मी बाहेरचा ऊस बघत राहिलो.

त्या रात्री मला झोप आली नाही. मी चाळीस वर्षे हरण्याविषयी बोलत होतो, पण हरलो होतो कुठे? गुडघा माझा फुटला नव्हता. ४४३ वर फळी काखेत घेऊन मला परतावे लागले नव्हते. पराभव त्यांचे होते. मी त्यांची कात्रणे जमवली, आणि त्या कात्रणांवर स्वतःची समजूत घालून घेत राहिलो. पुढे पुढे तर आमचा संघ जिंकेल की काय, अशी मला आतून धास्तीच वाटत असावी. जिंकला असता तर मी काय सांगितले असते?

उठून अण्णांच्या वह्या काढल्या. पहिल्या वहीच्या पहिल्याच पानावर १९४९ चा तो सामना आहे. ते कात्रण नाही. चुलत्यांनी सांगितलेले आणि पुढे कुठल्याशा पुस्तकात सापडलेले आकडे अण्णांनी आपल्या वळणदार अक्षरात उतरवून घेतले आहेत. हे पान मी लहानपणापासून शेकडो वेळा पाहिले होते. त्याच्या समासात आणि पाठीमागे पेन्सिलीने बेरजा-वजाबाक्या आहेत. मी त्या आगाराचा हिशेब समजत होतो. वही आगारातली, तेव्हा हिशेबही तिथलाच. त्या रात्री चष्मा लावून पहिल्यांदा नीट वाचले.

९५९ वजा ६०४, बरोबर ३५५.

खाली महाराष्ट्राच्या फलंदाजांची नावे, आणि प्रत्येकापुढे एक आकडा. याने आणखी ४० काढल्या असत्या तर. याने ६० तर. पहिल्या डावात मुंबईचे हे दोन गडी लवकर गेले असते तर ९० कमी. पुन्हा बेरीज. कुठे ३१० वर अडकलेली, कुठे ३४२ वर. पेन्सिलीचा रंग निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळा आहे. म्हणजे हे काम एका बैठकीचे नव्हे, वर्षानुवर्षांचे. शेवटच्या कोपऱ्यात, म्हातारपणाच्या थरथरत्या अक्षरात, एक बेरीज ३५५ वर पोचलेली आहे, आणि तिच्याखाली दोन रेघा ओढलेल्या आहेत. सुटले होते गणित!

म्हणजे अण्णांना हरणे आवडत नव्हते. एक दिवसही आवडले नाही. आम्हांला ते सहाशे चार सांगत होते, आणि स्वतः एकटे बसून तीनशे पंचावन्न शोधत होते. आमच्या पोळल्या जागी फुंकर हवी म्हणून पहिला आकडा आम्हांला दिला. दुसरा आपल्यापाशी ठेवला. आणि मैदानावरच्या त्या माणसांना तरी ६०४ कुठे करायच्या होत्या? ते ९५९ करायला उतरले होते. पायपट्ट्या बांधताना त्यांच्या मनात तोच आकडा होता. म्हणून तर ६०४ झाल्या. कादंबरी घेऊन आलो होतो तेव्हा अण्णांनी माझ्याकडे तसे का पाहिले, तेही मला त्या रात्री कळले. तो शब्द दुसऱ्याने आपल्याला द्यायचा असतो. आपण आपल्यालाच घ्यायचा नसतो.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत मी त्या मुलीला बोलावले. तिला वाटले, आता रागावणार. मी म्हटले, "काल किती गुण कमी पडले?" तिने सांगितले. "कुठं कुठं गेले?" ती गप्प. मग पायाच्या अंगठ्याने मैदानात खांब काढला, चौकोन काढले, आणि एकेक सांगू लागली. इथे खो उशिरा दिला. इथे दोघी एकाच बाजूला पळाल्या. इथे सर, तुम्ही ओरडलात म्हणून मी वळले. मी वहीत लिहून घेत होतो. इतकी वर्षे चित्रे काढणारा माणूस मी. पण त्या दिवशी तिच्या अंगठ्याने काढलेली आकृती मला माझ्या कुठल्याही चित्रापेक्षा नेटकी वाटली. वर्षभर आम्ही त्या वहीवर काम केले. बाजूच्या गावातल्या एका जुन्या खेळाडूला मी रविवारी बोलावू लागलो, कारण मला खो-खोतले काही कळत नाही, हे कबूल करणे हाही त्या तीनशे पंचावन्नांतलाच एक भाग होता.

यंदा आम्ही पहिला सामना जिंकलो. दुसरा हरलो, डावाने नव्हे, चार गुणांनी. जीपमध्ये मी काही बोललो नाही. ती मुलगी दांडीला धरून उभी होती आणि बोटांवर काहीतरी मोजत होती. चौथ्या बोटापाशी यायची, थांबायची आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायची.

ट्रंकेतली ती कादंबरी मी बाहेर काढली आहे. शेवट अजून जमत नाही. हा अंक तुमच्या हाती पडेल, तेव्हा रणजीचा मोसम तोंडावर आला असेल. वही नवी आणली आहे. पहिल्या पानावर समास जरा रुंद आखून ठेवला आहे, आणि पेन्सिलीला टोक करून ठेवले आहे.